आगंतुक मुळं

रोपवाटिकेच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला हिरव्या जाळीची लांबलचक शेड लागते. तिथली सत्ता शास्त्रिणीची. कुणी चपला फरफटत आला, कुणी नळ टपकत ठेवला, कुणी कलमाला उगाच बोट लावलं, की ती मान वर न करता असा आवाज टाकते की मोठमोठे बाप्ये गपकन हात मागे घेतात.

शास्त्रीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं सासूने. थोरली सून म्हणून ती या घरात आली त्याच आठवड्यात सासू भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती आणि बोलता बोलता बटाट्याला मूळ म्हणाली. नव्या सुनेने गप्प बसावं की नाही? छे! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. लगेच म्हणाली, "आई, बटाटा मूळ नाही. ते खोड आहे. मातीत राहतं म्हणून काय झालं, त्याला डोळे असतात. मुळाला डोळे नसतात."

"आणि रताळं?" सासूने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"ते मूळ."

"आणि आलं?"

"ते खोड."

"म्हणजे आजवर मी काय खाल्लं हे मला आज कळतंय! आली बाई मोठी शास्त्रीण!" सासू म्हणाली, आणि भाजीवाल्यासकट सगळे खो खो हसले. तेव्हापासून तिला सगळे शास्त्रीणच म्हणतात.

सासूचं शिक्षण जेमतेम, पण हात असा की वाळकी काडी खोचली तरी पालवायची. तिनेच सुनेला शेडमध्ये घेतलं. चाकू कसा धरायचा, काडी डोळ्याच्या खाली तिरकी कशी कापायची, गुटी कशी बांधायची, सगळं तिने शिकवलं. गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची साल अंगठीएवढी सोलून काढायची, त्या उघड्या जागेवर ओलं शेवाळ थापायचं आणि वरून प्लास्टिक गुंडाळून सुतळीने आवळायचं. फांदी आधी गोंधळते. मग जिथे मूळ येण्याचा काडीचा संबंध नाही अशा जागी, त्या जखमेच्या कडेने, पांढरी शुभ्र मुळं फुटतात. सासूला ते करता यायचं आणि सुनेला त्याचं पुस्तकातलं नाव माहीत होतं. दोघींची जोडी झकास जमली.

नवऱ्याशी मात्र नाही जमली. थोरला दुसऱ्या शहरात एक मोठं रोपांचं दुकान बघायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. तिथे त्याला दुसरी कुणीतरी मिळाली. कागद आले, शास्त्रिणीने वाचले, सह्या केल्या, पेन टोपण लावून ठेवलं आणि लिंबाच्या गुट्या बांधायला गेली. त्या दिवशी तिने सुतळी इतकी आवळली की सासूला मागून जाऊन सगळ्या गाठी सैल कराव्या लागल्या. रात्री सासूने घरात जाहीर करून टाकलं, "ही कुठेही जाणार नाही. गेला तो गेला. ज्याला पटत नसेल त्याने मला सांगावं." सांगतोय कोण! सासू होती तोवर कुणाची टाप नव्हती.

शास्त्रिणीने मोठं घर आपणहून सोडलं आणि शेडमागच्या खोलीत राहायला गेली. एक खाट, एक ट्रंक, खिडकीत एक ऑर्किड. पुढे सासू आजारी पडली, तिला उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं शास्त्रिणीनेच केलं. मग सासूही गेली. शेड चालू राहिली.

आता खरी गोष्ट.

त्या शुक्रवारी सकाळी धाकटा दीर शेडच्या दारात येऊन घुटमळला. हा माणूस घुटमळला की समजावं, काहीतरी शिजतंय.

"वहिनी, जरा बोलायचं होतं."

"बोला भाऊजी. पण त्या मोळीवर टेकू नका, डाळिंबाच्या काड्या आहेत."

तो सावरून उभा राहिला. "दादा येतोय. रविवारी. कायमचा येतोय, नव्या वहिनींना घेऊन. तिकडचं काही जमलं नाही त्याचं. म्हणजे… इथे जरा मोठं काहीतरी करायचं आमच्या डोक्यात आहे. ही शेड काढायची. इथे काचेचं दुकान. बाहेरून तयार झाडं आणायची, छान कुंड्यांत लावायची आणि विकायची. कलमं करत बसायला आता कुणाला वेळ आहे?"

"मला आहे," शास्त्रीण म्हणाली.

"तेच तर." धाकट्याने घसा साफ केला. "तुमचं काय करायचं, हा प्रश्नच आहे. एका अंगणात दोन थोरल्या सुना, बरं दिसत नाही ते. नव्या वहिनींना काय वाटेल? तुमच्या भावाकडे दोन खोल्या आहेतच की. रविवारच्या आत जरा…"

"आबांना विचारलंत?"

"आबांनाही तसंच वाटतं."

शास्त्रिणीने चाकू पुसला, मिटला, खिशात टाकला आणि तडक आबांकडे गेली. आबा म्हणजे सासरे. विहिरीजवळच्या कुंड्यांना झारीने पाणी घालत होते. "आबा, मी जावं असं तुम्हाला वाटतं?" तिने सरळ विचारलं. आबांनी झारी या कुंडीवरून त्या कुंडीवर नेली. मग परत आधीच्या कुंडीवर आणली. भिजलेली कुंडी पुन्हा भिजली, पण आबांच्या तोंडातून शब्द म्हणून फुटला नाही. घरात जरा कुठे ठिणगी उडाली की हा माणूस गुळणी धरून बसतो. आयुष्यभर त्यांच्या वाटचं बोलायचं काम बायकोने केलं, आणि आता बायको नव्हती.

शास्त्रीण परत फिरली. भीती वाटली का तिला? वाटली. भावाच्या घरी जाऊन ती काय करणार होती? वहिनीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरणार होती? शेडमध्ये तिचं उभं आयुष्य मातीत रुजलं होतं, ते काय पिशवीत भरून नेणार होती? पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि बरं झालं मोठा होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळेची सहल आली. दरवर्षी यायची. मुलांना पुस्तकात मुळांचे प्रकार असतात. त्यांच्या बाई हौशी. म्हणायच्या, फळ्यावर काढून काय कळणार, प्रत्यक्ष बघा. एरवी मुलांना शास्त्रीणच फिरवायची. या वेळी मात्र धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकातच उभा. जणू काचेच्या दुकानाचं उद्घाटन आजच आहे.

"या या! आज मी दाखवतो," तो म्हणाला. शास्त्रीण मागे राहिली. म्हटलं, दाखवा बापडे.

"सर्वांत आधी सोटमूळ," बाईंनी सुचवलं. "बी रुजलं की जे एकच जाड मूळ सरळ खाली जातं ते. दाखवता येईल?"

"म्हणजे काय! खानदानी काम आहे ते आपलं." धाकटा मुलांना आपल्या लाडक्या रांगेकडे घेऊन गेला. बियांपासून वाढवलेली अशोकाची रोपं. काचेच्या दुकानासाठी म्हणून त्याने ती विकली नव्हती, राखून ठेवली होती. चांगली छातीएवढी उंच, वरून तजेलदार. "ही बघा. कुठूनही आणलेली नाहीत, कापून लावलेली नाहीत. अस्सल बियांची. यांची मुळं कशी असतात? सरळ! खोल!" आणि त्याने ऐटीत एक पिशवी ब्लेडने फाडली.

अरे देवा.

आत सरळ काही नव्हतं. सोटमूळ खाली गेलं होतं, पिशवीचा तळ लागला होता, जायला जागा नाही म्हणून वळलं होतं, आणि मग गोल, गोल, गोल. शेवटी आपल्याच बुंध्याला वेढा घालून बसलं होतं. पिशवीत ठेवायची तेवढी मुदत उलटून गेली की हे असं होतं. एरवी धाकट्याला हे माहीत नव्हतं असं नाही. रोपवाटिकेत जन्मलेला माणूस तो. पण दुकानाच्या नादात रोपं राखत राहिला आणि खाली बघायचं राहून गेलं.

"काका, हे तर जिलबीसारखं आहे," एक पोरगा म्हणाला. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

शास्त्रीणही हसली. खोटं कशाला बोला. चांगली मोठ्याने हसली, आणि धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आता हे जगेल का?" बाईंनी हळूच विचारलं.

"जगेल," शास्त्रीण पुढे होऊन म्हणाली. "वेढे सोडवून, चुकीचं तेवढं कापून लवकर जमिनीत लावलं तर जगेल. दुकानात काचेमागे ठेवलं तर स्वतःचाच गळा आवळेल." असं म्हणून तिने ते रोप उचललं आणि मुलांना शेडमध्ये घेऊन आली. धाकटा मागोमाग आला. आपलीच रोपवाटिका, आपणच मागे कसे राहणार!

शेडमध्ये शास्त्रिणीला वाचा फुटते. तिने मुलांना गाजर दाखवलं. "हेही सोटमूळच बरं का, फक्त खाऊन खाऊन फुगलंय." मक्याचं ताट दाखवलं. बुंध्याच्या वरच्या पेरांतून मुळं तिरकी खाली उतरलेली, तंबूच्या दोऱ्यांसारखी. "वारा आला की याला कोण धरणार? म्हणून हा स्वतःच स्वतःला टेकू लावतो." भिंतीवरच्या मनीप्लांटची मुळं विटेला चिकटून वर चढली होती. खिडकीतल्या ऑर्किडची मुळं तर हवेतच लोंबत होती. "हिला माती लागतच नाही. ही हवेतली ओल पिते. हात लावून बघा, वरचं आवरण स्पंजासारखं असतं." मागच्या हौदात चिखलात खाडीकाठी वाढणाऱ्या तिवराचं झाड होतं, आणि त्याच्या आजूबाजूला चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी मुळं वर आलेली.

"मुळं वर येतात?" एका मुलाने डोळे विस्फारले.

"खाली चिखलात श्वास कोंडतो. मग वर यायचं नाही तर काय करायचं? गुदमरून मरायचं?" शास्त्रिणीचा आवाज जरा जास्तच चढला. बाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

एक चष्मेवाली मुलगी वहीत काहीतरी शोधत होती. तिने हात वर केला. "बाई, पुस्तकात लिहिलंय, मका, ऑर्किड, मनीप्लांट, यांची ही सगळी 'आगंतुक मुळे'. आगंतुक म्हणजे काय?"

बाई उत्तर द्यायला गेल्या, पण धाकट्याने संधी साधली. जिलबी त्याच्या घशात अजून अडकली होती.

"मी सांगतो," तो हसत म्हणाला. "आगंतुक म्हणजे आमच्या या वहिनी. नातं तुटलं तरी उठायचं नाव नाही. जा म्हटलं तरी जात नाही, त्याला आगंतुक म्हणायचं. लिहा!"

दोनचार मुलं हसली, कारण मोठा माणूस हसत होता. चष्मेवाली हसली नाही. बाईंचा चेहरा उतरला. नळाखालची बादली भरून वाहायला लागली.

शास्त्रिणीच्या कानशिलात रक्त उसळलं. परक्यांसमोर, पोराटोरांसमोर! एक मन म्हणालं, निघून जावं, खोलीचं दार लावून घ्यावं. दुसरं मन म्हणालं, याच्या डोक्यात हे मक्याचं ताट घालावं. तिने दोन्ही केलं नाही. नळ बंद केला आणि मुलांकडे वळली.

"काका बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "आगंतुक म्हणजे न बोलावता आलेला. झाडाचं मूळ कुठून यायला हवं? बियांतून, खालून. पण काही मुळं खोडातून येतात, पेरातून येतात, पानाच्या कडेतूनही येतात. तिथे त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. म्हणून पुस्तकवाल्यांनी त्यांचं नाव आगंतुक ठेवलं. आता मला एक सांगा. या शेडमध्ये काय काय आहे?"

"गुलाब," "लिंबू," "डाळिंब," "जास्वंद," मुलं ओरडू लागली.

"हे सगळं कशाचं केलंय? काडीचं. काडी तोडली की तिला मूळ असतं का?"

"नाही!"

"मग ती जगते कशावर?"

चष्मेवालीच्या तोंडून आपोआप निघालं, "आगंतुक मुळांवर."

"शाब्बास. या रोपवाटिकेतून बाहेर गेलेला प्रत्येक गुलाब, प्रत्येक लिंबू आगंतुक मुळांवर उभा आहे. आमच्या काकांच्या ताटात जे पडतं ना, तेसुद्धा त्याच मुळांवर पडतं. ती उपटली तर इथे राहील काय? ते बघा, ते." तिने टेबलावर आणून ठेवलेल्या त्या जिलबीच्या रोपाकडे बोट केलं.

आता वर्ग खरा हसला. धाकट्याने तोंड उघडलं, पण शास्त्रीण थांबणाऱ्यांतली नव्हती. तिने वाफ्यातली गुलाबाची एक काडी चष्मेवालीला दाखवली. "कलम लागलं की नाही ते आम्ही कसं ओळखतो माहितेय? दोन बोटांत धर. हळूच ओढ. जोर नाही लावायचा."

मुलीने जीभ दातांत धरून हळूच ओढलं. "येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे… मूळ धरलंय."

"मग आणखी ओढायचं का?"

"नाही! तुटेल ना!"

"ऐकलंत भाऊजी?" शास्त्रीण म्हणाली. "या पोरीला कळलं. तुम्ही लहानपणी रोज काड्या उपटून मुळं आली का बघायचात, आई सांगायच्या. अजून खोड गेली नाही तुमची."

धाकटा पाय आपटत निघून गेला. बाईंनी जाताना शास्त्रिणीचा मातीचा हात हातात घेऊन घट्ट दाबला. मुलं गेल्यावर शास्त्रीण उलट्या बादलीवर बसली. बोलताना माणूस शूर असतो, नंतर कळतं काय बोलून बसलो ते.

संध्याकाळी मोठ्या घरात जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले होते. आबा, धाकटा, आणि वाढायला धाकटी जाऊ. धाकटी गुणाची पण भित्री, नवऱ्याने भुवई वर केली तरी हातातला डाव पडायचा. शास्त्रीण एरवी जेवायला आपल्या खोलीत असे. त्या दिवशी ती आत आली आणि खुर्ची न ओढता उभी राहिली.

"आबा, उद्या ते येणार आहेत. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"झालं तेवढं पुरे नाही का?" धाकटा उसळला. "आज शाळेसमोर माझी अब्रू घालवलीत!"

"तुमची अब्रू पिशवीत गोल फिरत होती, मी नुसती बघितली. मी आबांशी बोलतेय."

आबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "कसाही असला तरी तो मूळचा इथला आहे गं. मूळचा या घरचा. तू जरा समजून घे."

शास्त्रिणीला वाटलं, कुणीतरी काळजाची साल गोल सोलून काढली. धाकट्याच्या टोमण्याने जे झालं नव्हतं ते या म्हाताऱ्याच्या एका शब्दाने झालं. मूळचा! तो मूळचा, म्हणजे त्याने काहीही करावं. निघून जावं, वाटेल तेव्हा परत यावं, आईच्या आजारपणात तोंडही दाखवू नये. तरी तो मूळचाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"नाही समजून घेत," ती म्हणाली. "समजून घ्यायचं काम या घरात मी एकटीनेच करायचं, हे कुणी ठरवलं? मी त्याच्या हाताला धरून या घरात आले, खरं आहे. तो हात सुटला, तेही खरं आहे. पण त्यानंतर मी इथे कुणाच्या आधाराने उभी आहे? तुमच्या? तुम्ही तर कुंडीशीसुद्धा बोलत नाही आबा. मी माझ्या आधाराने उभी आहे. मला इथे कुणी लावलं नाही, मी रुजले. आणि जे रुजलंय ते जा म्हटलं म्हणून जात नसतं."

"पण वहिनी, व्यवहार बघा…" धाकटा म्हणाला.

"तुम्ही जेवा." ती आबांकडेच बघत राहिली. "मी जाणार नाही. मला घालवायचं असेल तर उद्या तुम्ही स्वतः या. माझी ट्रंक तुमच्या हाताने उचला आणि फाटकाबाहेर ठेवा. भाऊजींच्या हातून नको, निरोप नको, गुळणी नको. तुमच्या हाताने. तर मी जाईन, आणि मागे वळून बघणार नाही."

तिने पाठ फिरवली. मागे धाकटीच्या हातातला डाव पडला, पण या वेळी तिच्या नवऱ्याने भुवई वर केलीच नव्हती. "आईंना काय वाटलं असतं!" धाकटी रडत म्हणाली. लग्न झाल्यापासून या टेबलाशी तिने मोठ्याने काढलेलं ते पहिलं वाक्य.

रविवारी सकाळी गाडी आली. शास्त्रीण शेडमध्ये गुट्या बांधत होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण हात चालू होते. थोरला उतरला. पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते, बाकी ऐट तीच. त्याच्यामागून एक बाई उतरली. दमलेली, साधीशी, गाडी लागून चेहरा पांढरा पडलेला.

थोरल्याने जाळीतून आत डोकावलं. "तू अजून इथेच?"

"दिसतेय ना?" शास्त्रीण म्हणाली. "चपला बाहेर काढा. आत ओलं आहे."

"ह्या कोण?" नव्या बाईने विचारलं. थोरला सामानाकडे वळला, तेव्हा ती आपणच समजली. तिचा चेहरा आणखी पांढरा झाला. "तुम्ही तर म्हणालात, त्या केव्हाच गेल्या. शेड बंद पडलीये म्हणालात."

"नंतर बोलू," थोरला म्हणाला आणि धाकट्याला हाक मारली. "अरे, सामान शेडमागच्या खोलीत टाक. आणि ती रिकामी कर आधी."

धाकट्याने पाय उचलला आणि थांबला, कारण घरातून आबा येत होते. सावकाश, काठी टेकत. ते कुणाकडेही न बघता शेडमधून आरपार चालत गेले आणि शास्त्रिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आत ट्रंक दिसत होती. शास्त्रिणीच्या हातातली सुतळी सुटली. बोलायचं ते तिने बोलून टाकलं होतं, आता म्हाताऱ्याने ठरवायचं.

आबा ट्रंकेकडे बघत राहिले. मग वाकले. शास्त्रिणीने डोळे मिटले.

उघडले तेव्हा ट्रंक आत भिंतीशी सरकवलेली होती आणि आबा खोलीचं दार ओढून घेत होते. बाहेरून कडी घातली, आले तसे परत गेले, गाडीपाशी पोचले आणि थोरल्याची बॅग उचलली. जड होती. थोरला म्हणाला, "अहो आबा, राहू द्या, मी घेतो," पण त्यांनी हात झिडकारला. बॅग ओढत, धापा टाकत, अंगण ओलांडून ते मोठ्या घराच्या पुढच्या खोलीशी गेले. ती पाहुण्यांची खोली. बॅग त्यांनी तिथल्या खाटेखाली सरकवली आणि दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही दोघं इथे. शेडला हात लावायचा नाही."

"आबा, मी काय पाहुणा आहे का?" थोरल्याचा आवाज चिरकला.

आबांनी पुन्हा गुळणी धरली. पण ही गुळणी वेगळी होती, आणि ती काय म्हणते हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. धाकटा अशोकाच्या रांगेकडे बघत उभा राहिला.

नवी बाई तशीच गाडीला धरून उभी होती. शास्त्रीण हात पुसत बाहेर आली. तिने तिला सावलीतली बादली उलटी करून दिली, म्हणाली, "बसा जरा. गाडी लागली की पाणी घोट घोट प्यायचं." आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. तिचं काही चुकलं नव्हतं, तिच्याशी भांडण कसलं?

मग ती मोठ्या घराकडे तोंड करून, थोरल्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने ओरडली, "अगं धाकटे! पुढच्या खोलीत उशा नाहीत, दोन नेऊन दे. आणि पाहुणे किती दिवस राहणार आहेत, तेवढं विचारून ये."